पाट्या करणाऱ्याची स्वतःची निशाणी



आजचा विषय मुळांत डोळ्यांनीं पाहावयाचा आहे, आणि तो मला कानांच्या द्वारें सांगावयाचा आहे. म्हणून आरंभींच एक विनंति करतों. ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद आणि पेन्सिल जवळ घ्यावी. ज्यांना तें जमण्यासारखें नसेल त्यांनीं डाव्या हाताचा तळवा मोकळा ठेवावा, म्हणजे झालें. बोलतां बोलतां एके ठिकाणीं त्यावर बोटानें एक अक्षर काढून पाहावयाचें आहे.

प्रश्न असा आहे : दुकानांच्या पाट्या तयार करण्याचा ज्याचा लहानसा धंदा आहे, त्यानें स्वतःच्या धंद्याची निशाणी कशी ठरवावी? हल्लीं सर्रास तिला 'लोगो' म्हणतात. सरकारी मराठींत 'बोधचिन्ह' म्हणतात. जुन्या बाजारांत तिला 'छाप' म्हणत. मला हा शेवटचा शब्द सर्वांत आवडतो. मुंबईच्या गिरण्या आपल्या ताग्यांवर रंगीत चित्रांचीं तिकिटें चिकटवीत, आणि अक्षरशत्रु असलेलें गिऱ्हाईकहि चित्र पाहून आपला नेहमींचा माल ओळखून मागे. छाप ही अशी मागतां आली पाहिजे.

विषय क्षुल्लक आहे, असें कांहींना वाटेल. परंतु बाजारांतून एकदां हिंडून पाहा. साऱ्या पेठेचीं नांवें जो माणूस रेखीव अक्षरांत लिहून देतो, त्याच्या स्वतःच्या दुकानावरची पाटी बहुधा पेठेंतली सर्वांत गचाळ पाटी असते. वर दोन रोमन आद्याक्षरें आणि पुढें 'आर्ट्स'. खालीं त्याला येणाऱ्या यच्चयावत् कामांची यादी. कोपऱ्यांत रंगांची थाळी, पृथ्वीचा गोल आणि इंद्रधनुष्य. दिव्याखालीं अंधार असावयाचाच. पण येथें तर दिवे विकणाऱ्याच्याच घरांत अंधार!

उदाहरणासाठीं मी पापडी हें गांव घेतों. वसईच्या किल्ल्यामुळें सर्वांना वसई ठाऊक असते. तिच्या शेजारची पापडी बाहेरच्यांना तितकीशी ठाऊक नसते. वसईच्या धर्मप्रांताची स्थापना १९९८ सालीं झाली, त्याचें कॅथेड्रल पापडीस आहे. १९१८ सालीं निघालेल्या बसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचें मुख्य कार्यालय पापडी नाक्यावर आहे. आणि जवळच लहान लहान कारखान्यांचे गाळे आहेत. अशा गांवांत पाट्यांना तोटा नसतो. शिवाय सरकारहि अधूनमधून या धंद्याला हातभार लावतें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा निघाला, आणि ज्या पाटीवर 'जि. ठाणें' लिहिलें होतें ती एका दिवसांत जुनी झाली. पुढें २०२२ सालीं महाराष्ट्राच्या दुकानें व आस्थापनांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांसहि मराठी पाटी सक्तीची झाली, आणि देवनागरी अक्षरें इतर लिपींतल्या अक्षरांहून लहान असूं नयेत असें ठरलें. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत पाटीवाल्यांना दिवाळीचा फराळ तरी बसून खातां आला असेल कीं नाहीं, कोण जाणे.

आतां असें समजूं या कीं, या पापडींत रस्त्यालगतच्या एका गाळ्यांत बाप-लेकांचा पाट्यांचा धंदा आहे. हे दोघे माझ्या कल्पनेंतले आहेत, पण त्यांचे सख्खे भाऊबंद तुमच्याहि पेठेंत सांपडतील. वडील ब्रशानें लिहिणारे. खडूची दोरी ताणून पत्र्यावर दोन रेघा मारावयाच्या, चपटा ब्रश तैलरंगांत भिजवावयाचा, आणि श्वास रोखून एका फटक्यांत काना उतरवावयाचा, ही त्यांची विद्या. मुलाजवळ विनाइल कापण्याचें यंत्र आहे. तो ॲक्रिलिकचीं अक्षरें कापून घेतो, आंत एलईडीचे दिवे बसवितो, आणि घाई असली तर फ्लेक्स छापून आणतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां आपल्यालाहि लोगो पाहिजे. त्याशिवाय मोठें काम मिळत नाहीं." वडील म्हणतात, "अरे, माझा हात हाच माझा लोगो. पापडींतलीं निम्मीं माणसें अक्षर पाहून ओळखतात, हें काम कोणाचें आहे तें."

दोघांचेंहि खरें आहे, आणि म्हणूनच हा तंटा वरवरचा नाहीं. वडिलांचा हात ओळखीचा आहे, पण तो हात आहे तोंवरच. उद्यां तो थरथरूं लागला कीं त्याबरोबर गांवांतलें एक वळण संपणार. मुलाच्या यंत्राला वळण नाहीं. तें दहा गांवांत दहा जणांपाशीं आहे आणि सगळीकडे सारखेंच कापतें. म्हणून निशाणी ठरवावयाची ती अशी कीं, वडिलांचें वळण तींत राहील आणि मुलाचें यंत्र तें बिनचूक कापील. माझें आजचें सगळें सांगणें एवढ्यासाठींच आहे.

प्रथम, काय काढूं नये. ब्रश काढूं नये. घरें रंगविणाराहि ब्रशच काढतो, आणि मुलाच्या कामांत तर ब्रश उरलेलाच नाहीं. थाळी, गोल आणि इंद्रधनुष्य यांविषयीं वर बोललोंच. गांवाचें नांव पापडी, म्हणून वालपापडीची शेंग काढावी, अशी सूचना एखादा विनोदी स्नेही करील. ती चहाबरोबर ऐकावी आणि सोडून द्यावी. अशीं चित्रें धंदा कोणता तें सांगतात, कोणाचा तें सांगत नाहींत. आणि पाटीवाल्याला धंदा सांगण्याची गरज फारशी नसते, कारण त्याचा माल भिंतीवर टांगलेलाच असतो.

मग ही निशाणी दिसावयाची कोठें? येथें पाटीवाल्याचें भाग्य इतर सर्व धंदेवाल्यांहून थोर आहे. शिंप्याला आपलें नांव कोटाच्या आंतल्या बाजूस शिवावें लागतें. पाटीवाल्याला तें भर रस्त्यांत लिहितां येतें, तेंहि दुसऱ्याच्या भिंतीवर आणि दुसऱ्याच्या खर्चानें. जुने पेंटर पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत सही करीत, ती याच कारणानें. वर्षाकाठीं शंभर पाट्या केल्या तर शंभर सह्या गांवभर ऊन-पाऊस खात उभ्या राहतात. छापील पाट्या आल्या आणि ही चाल बहुतेक गेली. गेली असेल तेथें मोबाइलचा नंबर तेवढा उरला. नंबर कोणाच्या ध्यानांत राहतो? खूण राहते.

तेव्हां निशाणीचें खरें घर म्हणजे दुसऱ्याच्या पाटीचा कोपरा, हें एकदां मनाशीं धरलें कीं बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच अशा पाटीवर मालकाची नाराजी न ओढवतां फार तर तीन इंचांची जागा मिळेल. पाट्यांच्या धंद्यांत एक ठोकताळा आहे : दहा फुटांवरून सहज वाचतां यावयास अक्षर एक इंच उंच हवें. म्हणजे तीन इंचांची निशाणी तीस फुटांवरून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून, ओळखूं येईल. देवनागरींत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार जमेस धरूं नयेत. हीच निशाणी पावतीपुस्तकावर अर्ध्या इंचाची होणार, मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढी होणार, आणि स्वतःच्या दुकानावर दोन फुटांची. जी नखाएवढी असतां ओळखतां येत नाहीं ती दोन फुटांचीहि शोभत नाहीं. नुसती मोठी दिसते. विनाइलची गोष्ट तर याहून व्यवहाराची आहे. तांदळाच्या दाण्याहून बारीक पट्टी चिकटविली तर वसईच्या खाऱ्या हवेंत आणि पावसांत ती प्रथम कडेला उचलते आणि मग गळून पडते. म्हणून सर्वांत बारीक रेघहि अंगानें भरलेली असावी.

अशी जाड, थोड्या रेघांची खूण किती टिकते, हें पाहावयास पापडीकरांना लांब जावें लागत नाहीं. वसईच्या किल्ल्यांतील बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगिजांनीं आपलीं राजचिन्हें दगडांत कोरून ठेविलीं आहेत : ढाल, क्रूस, आणि कड्यांचा बनविलेला खगोल. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं किल्ला घेतला. त्याला आतां पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं. तेथल्या शिलालेखांची भाषा वाचणारा शंभरांत एक सांपडावयाचा नाहीं. पण तो खगोल आणि ती ढाल पाहून 'ही पोर्तुगिजांची खूण' असें किल्ला दाखविणारा मुलगाहि सांगतो. लेख वाचावा लागतो; खूण नुसती दिसली कीं पुरे. आपल्याकडचें उदाहरण हवें असेल तर शिवाजीमहाराजांची मुद्रा घ्या. तींतील संस्कृत शब्द पुष्कळांस पाठ नसतील, पण तिचा अष्टकोन ठाऊक आहे. आणि २०२२ सालीं भारतीय नौदलानें आपलें नवें निशाण केलें तेव्हां त्या मुद्रेवरून अष्टकोनच उचलला.

परदेशांतलें एक उदाहरण मात्र मुद्दाम सांगतों, कारण तें पाटीचेंच आहे. १९०८ सालीं लंडनच्या भुयारी रेल्वेला अशी अडचण पडली कीं, फलाटाच्या भिंतींवर जाहिरातींची इतकी गर्दी झाली कीं स्टेशनाचें नांव उतारूंना सांपडेना. तेव्हां नांवाच्या आडव्या निळ्या पट्टीमागें त्यांनीं एक मोठी लाल चकती बसविली. पुढें त्या चकतीचें कडें झालें, एडवर्ड जॉन्स्टन यांनीं अक्षरांना आणि आकृतीला शिस्त लाविली, आणि तें कडें व ती पट्टी हीच त्या रेल्वेची निशाणी ठरली. ती कोणी शोधून काढून पाटीवर चिकटविली नाहीं. पाटीचीच ती निशाणी झाली. पाटीवाल्याच्या निशाणीचा जन्महि असाच पाटींतून झाला तर त्याहून स्वाभाविक काय?

आतां तळहात पुढें करा. शाळेंत आपण अक्षर आधीं काढतों आणि शिरोरेखा मागाहून देतों. आज उलट करावयाचें. प्रथम एक आडवी रेघ ओढा आणि ती उजवीकडे थोडी लांबूं द्या. आतां त्या रेघेला डाव्या बाजूस 'प' हें अक्षर टांगा : डावा हात रेघेपासून खालीं आला, वळला, आणि दंडाला जाऊन मिळाला; दंड वर पुन्हां रेघेस टेकला. काय झालें? लोखंडी दांडीला अडकविलेली दुकानाची पाटी झाली. रोमन अक्षरें खालच्या रेघेवर उभीं असतात; आपलीं अक्षरें वरच्या रेघेला लोंबत असतात. देवनागरींतला प्रत्येक शब्द ही एक टांगलेली पाटीच आहे, आणि ज्याचा धंदाच पाट्या टांगण्याचा, त्यानें रोमन आद्याक्षरें कां उसनीं आणावींत?

पण दांडी हवेंत राहत नाहीं. तिला खांब लागतो. म्हणून रेघेच्या उजव्या टोकाला एक उभी रेघ खालीं आणा, आणि ती 'प'च्या पायाहून जराशी अधिक लांब ठेवा. आतां पुन्हां पाहा. खांब तर झालाच, शिवाय तो काना झाला, आणि तळहातावर 'पा' हें अक्षर उमटलें. 'पाटी'चेंहि तें पहिलें अक्षर आणि 'पापडी'चेंहि. चित्र आणि अक्षर यांचें एरवीं सहसा पटत नाहीं, दोघांपैकीं एकाला नमतें घ्यावें लागतें. येथें लिपीनेंच दोघांची सोयरीक जुळवून दिली आहे. म्हणून या कल्पित बाप-लेकांस मी 'पा' सुचवीन. दुसऱ्या गांवच्या पाटीवाल्याला दुसरें अक्षर लागेल, पण दांडी आणि खांब त्यालाहि त्याच्या लिपींत फुकट मिळणार आहेत.

एक शंका कोणीतरी काढीलच, म्हणून मीच काढतों. खांब, वर आडवी दांडी, आणि तिला कांहीं तरी लोंबतें आहे, हा देखावा फांसाचा नाहीं का? असूं शकेल. पण एका ठिकाणीं टांगलेली वस्तु फांसाची आठवण देते आणि दोन ठिकाणीं टांगलेली वस्तु पाटीची. 'प' दोन ठिकाणीं टांगलेला आहे, डाव्या हातानें आणि दंडानें. ते दोन्ही सांधे सारखे जाड ठेवावे, म्हणजे भीति नाहीं. 'ट' हें अक्षर घेतलें असतें तर मात्र विचार करावा लागला असता.

पुढची गोष्ट अंतरांची आहे. या खुणेंत तीन उभ्या रेघा पडतात : 'प'चा डावा हात, त्याचा दंड, आणि काना. पहिल्या दोहोंमधली पोकळी आणि दुसऱ्या दोहोंमधली जागा डोळ्यांना सारखी वाटली पाहिजे. फूटपट्टीनें सारखी करूं नये. 'प'ची पोकळी खालून गोल मिटलेली असते, म्हणून ती असते त्याहून लहान भासते. तिला केसभर अधिक जागा द्यावी. वडिलांना हें सांगावें लागणार नाहीं. मुलाला मात्र यंत्राच्या पडद्यावर आंकडे दिसत असल्यामुळें आंकडे सारखे करण्याचा मोह होईल, आणि तेथें वडिलांनीं त्याचा हात धरावा. जागा चिंचोळ्या ठेवल्या तर नखाएवढ्या आकारांत तिन्ही रेघा एक होऊन काळा डाग तेवढा उरेल.

कापण्याच्या दृष्टीनें शिरोरेखेचा आणखी एक उपकार आहे, तो पाट्या बसविणाऱ्यांनाच कळेल. रोमन अक्षरें ॲक्रिलिकमधून कापलीं कीं सुटीं होतात. भिंतीवर तीं एकेक मोजून बसवावीं लागतात, आणि एखादें नेहमीं तिरकें बसतें. देवनागरी शब्द शिरोरेखेनें जोडलेला, म्हणून एकाच तुकड्यांत निघतो. आपली निशाणीहि एकाच तुकड्याची आहे; चार स्क्रूंत बसेल. अडचण येते ती स्टेन्सिलमध्यें. पत्र्यांत अक्षर कोरून त्यावरून रंग मारावयाचा झाला कीं 'प'च्या पोटांतला तुकडा सुटून पडतो, कारण वरून शिरोरेखेनें तो कोंडलेला असतो. त्यासाठीं एक निराळी प्रत करून ठेवावी, जींत 'प'च्या पोकळीवर शिरोरेखा ब्रशाच्या रुंदीइतकी तुटलेली असेल. असा खंड आपल्या लिपीला परका नाहीं. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर तो रोजच असतो, आणि गुजराथी भाऊ तर शिरोरेखेवांचूनच 'प' लिहितात व वाचतात.

रंगाविषयीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. चित्रशाळेंत चित्रकला शिकावयास गेले, आणि तेथें असें आढळलें कीं कांहीं रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाहीं. त्यांनीं रंगकाम सोडलें आणि यांत्रिक रेखन हातीं घेतलें. त्यांतून पुढें लोखंडी नांगर निघाला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली, हें सर्वश्रुत आहे. महाराष्ट्राला तें फायद्याचें झालें. पण मी तें सांगतों तें अशासाठीं कीं, रंगांची, विशेषतः तांबड्या-हिरव्याची, गल्लत होणारे लोक, त्यांतहि पुरुष, आपल्यांत कमी नाहींत, आणि हिरव्या जमिनीवर तांबडें अक्षर लिहिलें कीं त्यांच्यापुरती पाटी कोरी होते. निशाणीचा जीव रेघेंत असावा, रंगांत नव्हे. शिवाय आपली निशाणी राहावयाची दुसऱ्याच्या पाटीवर. डॉक्टरच्या पांढऱ्या पाटीवर ती तांबडी होईल, बेकरीच्या पाटीवर पिवळी, बँकेच्या दारावर पितळेची. पाहुण्यानें यजमानाच्या घरचा रंग घ्यावा. स्वतःच्या दुकानावर काय तो स्वतःचा एक रंग ठरवावा, आणि तो पत्र्यावर, विनाइलवर व कागदावर सारखा मिळेल असा, बाजारांतल्या तयार छटांपैकींच असावा. एका रंगांत भागणाऱ्या खुणेचें ताजें उदाहरण म्हणजे आपल्या रुपयाचें चिन्ह. १५ जुलै २०१० रोजीं तें स्वीकारलें गेलें. त्याचे कर्ते डी. उदय कुमार यांनीं देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घातला, आणि वर शिरोरेखा ठेवली. त्यावर त्या वेळीं चर्चा पुष्कळ झाली. पण भाजीवाली तें खडूनें पाटीवर सहज लिहिते, ही परीक्षा तें केव्हांच उतरलें आहे.

आतां सर्वांत नाजूक भाग, वळणाचा. मुलगा काय करील? तो यंत्रावर 'पा' टाइप करील, पन्नास तयार अक्षरवळणें चाळील आणि त्यांतलें एक उचलील. यांतलीं कित्येक वळणें उत्कृष्ट आहेत. र. कृ. जोशी यांनीं केलेलें 'मंगल' जगांतल्या असंख्य संगणकांवर आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें केलेलीं 'मुक्ता' आणि 'बलू' हीं वळणें कोणालाहि मोफत वापरतां येतात. मालकाच्या नांवासाठीं, पत्त्यासाठीं तीं अवश्य वापरावींत. परंतु जें सर्वांना मोफत मिळतें तें सर्वांच्याच पाट्यांवर असतें, आणि निशाणीचें काम तर नेमकें उलट आहे. अलीकडे यंत्राला चार शब्द सांगितले कीं तें क्षणांत वीस निशाण्या काढून देतें. त्या गुळगुळीत असतात, आणि देवनागरीच्या मात्रांशीं त्यांचें पुष्कळदां वैर असतें. फुकटचें म्हणून घ्यावें, तर पुढच्या गल्लींतल्या पाटीवाल्यालाहि त्याच यंत्रानें जवळजवळ तेंच दिलेलें आढळावें!

कमल शेडगे यांचें नांव येथें घेतल्यावांचून राहवत नाहीं. १९३५ सालीं जन्मलेले हे अक्षरकार २०२० सालीं वारले. मराठी नाटकांचीं नांवें त्यांनीं अशीं काढलीं कीं वर्तमानपत्राच्या रुंद बोटभर जागेंतहि प्रेक्षक आपलें नाटक अक्षराच्या ठेवणीवरून ओळखी. प्रत्येक नाटकाला निराळी ठेवण, आणि तरी हात एकाच माणसाचा. पापडीच्या आमच्या वडिलांची योग्यता तेवढी नसेल. पण त्यांचा हात त्यांचा आहे, आणि तो दुसऱ्या कोणापाशीं नाहीं.

म्हणून कृति अशी. रद्दीचीं वर्तमानपत्रें जमिनीवर पसरावींत, दोन इंची चपटा ब्रश घ्यावा, आणि वडिलांनीं सकाळच्या वेळीं, हात ताजा असतां, पन्नास वेळां 'पा' लिहावा. पहिले दहा टापटिपीचे होतील. ते टाकून द्यावे. पुढच्या वीसांत हात मोकळा होईल. शेवटचे कांहीं दमलेले असतील. मधल्यांतून तीन निवडावे, भिंतीवर चिकटवावे, आणि आठवडाभर जातां-येतां पाहावे. गिऱ्हाइकांना मत विचारूं नये, त्यांचे डोळे कोठें थांबतात तें पाहावें. ठरलेल्या एकाचा फोटो काढून मुलानें यंत्रावर त्याच्या कडा रेखाव्या. आणि येथें त्यानें एक पथ्य पाळावें : कडा गुळगुळीत करण्याचा हुकूम यंत्राला देऊं नये. ब्रश जेथें टेकला तेथें रेघेचें तोंड जरा तिरपें असतें. जेथें उचलला तेथें ती किंचित् निमुळती होते. गोलाईंत एका बाजूस जाडी अधिक येते. लोक जें ओळखतात तें हेंच. ब्रशाच्या केसांचे ओरखडे तेवढे काढून टाकावे, कारण ते कापतां येत नाहींत. वळणाला हात लावूं नये. मुलाला हें पसंत पडणें कठीण आहे. त्याला तें 'जुनाट' वाटेल. पण मोठीं कामें देणारे कंत्राटदार आधुनिक अक्षर शोधीत त्याच्याकडे येणार नाहींत, तें त्यांना मुंबईंत वाटेल तितकें मिळतें. आले तर या हातासाठीं येतील.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. व्यापारचिन्हाची नोंदणी १९९९ च्या कायद्यानें होते, ती दहा वर्षें चालते आणि पुढें नवी करून घेतां येते. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला शुल्कांत सवलत आहे, संगणकावरून अर्ज केला तर एका वर्गासाठीं ४५०० रुपये पडतात. नुसतें 'पा' हें अक्षर कोणाच्याहि मालकीचें होणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. ह्या विशिष्ट रूपावर हक्क मागावयाचा. निशाणी बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतली असेल तर तिचे हक्क आपल्याला दिल्याचें त्याच्याकडून लेखी घ्यावें. तोंडी सौदे पैसे देईपर्यंत ठीक असतात.

निवडलेला मूळ कागद मात्र टाकूं नये. त्यावर वडिलांची सही आणि तारीख घालून तो फाइलींत ठेवावा, आणि निशाणी प्रथम कोणत्या पाटीवर गेली त्या पाटीचा तारखेसह फोटो त्याच्याच मागें लावावा. उद्यां कोणी तशीच निशाणी काढली तर आपण ती आधीं वापरली हें दाखविण्यास तो पुरावा होईल. स्वतःच्या दुकानावर ती लावण्याची घाई नाहीं. तेथली कामांची यादी, गोल आणि इंद्रधनुष्य खरवडून काढावयासच दोन दिवस लागतील. हातांत जी पुढची पाटी असेल, मग ती मासळीवाल्याची असो कीं दातांच्या डॉक्टरची, तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत मालकाला विचारून तीन इंचांचा 'पा' लावावा, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो तेथून दिसतो कीं नाहीं तें बाप-लेकांनीं दोघांनींहि पाहावें.